गोठ्यातून मातीकडे पाहणारा शास्त्रज्ञ

इंग्लंडमधील श्रॉपशायरच्या शेतकरी कुटुंबात १८७३ साली जन्मलेले आल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. तेथे त्यांनी आपले बैल सकस चाऱ्यावर पोसले. लाळ्या-खुरकुताने ग्रासलेली शेजारची जनावरे त्या बैलांच्या नाकाला नाक घाशीत, तरी बैलांना बाधा झाली नाही, अशी नोंद त्यांनी केली. निरोगी मातीतून सकस चारा आणि चाऱ्यातून रोगप्रतिकारशक्ती, ही त्यांची धारणा त्यातून दृढ झाली.

१९२४ मध्ये होळकरांच्या इंदुरात त्यांनी पत्नी गॅब्रिएल यांच्या साथीने संशोधन संस्था उभी केली. शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि पालापाचोळा यांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ येथेच सिद्ध झाली. १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने जगापुढे आली.

पण चारा हे प्रतिकारशक्तीचे एकच अंग. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती वासराला चिकातून मिळतात आणि त्याचे आतडे ती जेमतेम पहिला दिवसभरच शोषू शकते. म्हणून खरवसाआधी वासराचे पोट भरावे. गाभण गाईचे पोषण आणि लसीकरण, दोन्हींचा लाभ याच वाटेने वासराला होतो.

बैलांच्या निरीक्षणाला हॉवर्ड यांनी तुलनात्मक प्रयोगाची जोड दिली नाही, ही त्यांची मर्यादा. १९४७ मध्ये ते निवर्तले. रोगाआधी आरोग्याचा विचार करण्याची त्यांची दृष्टी मात्र आजही गोठ्याला उपकारक आहे.