चौऱ्याहत्तर दिव्यांचे खगोलशास्त्रज्ञ : एरिक होल्मबर्ग

एरिक होल्मबर्ग यांचा जन्म १९०८ सालचा, स्वीडनमधला. लुंड विद्यापीठात १९३७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती जोडीने आणि घोळक्याने राहणाऱ्या दीर्घिकांवर. एवढ्या अफाट आकाशात दीर्घिका अशा एकमेकींजवळ का, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. जवळून जाताना त्या एकमेकींना धरून ठेवत असतील का?

गणिताने सोडवायचे तर प्रत्येक ताऱ्यावर बाकी साऱ्यांची ओढ मोजायला हवी. संगणक तर नव्हतेच. होल्मबर्ग यांनी दिवे घेतले! दिव्यापासून दुप्पट लांब गेले की उजेड चौथा हिस्सा उरतो, गुरुत्वाकर्षणाचेही तसेच. एका दीर्घिकेला ३७ दिवे, दुसरीला ३७. एकेका दिव्याच्या जागी फोटोसेल ठेवायचा, कोणत्या बाजूने किती उजेड येतो ते गॅल्व्हानोमीटरवर वाचायचे, हिशेब करून सगळे दिवे जरासे सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मंडपाच्या रोषणाईत एक माळ बंद पडली तरी वैतागणारे आम्ही डिप्लोमावाले; ही चिकाटी पाहून हात जोडावेसे वाटतात.

१९४१ साली, युरोपात महायुद्ध पेटलेले असताना, निष्कर्ष छापून आले. दीर्घिकेतले तारे इतके विरळ की त्यांची टक्कर सहसा होत नाही. पण जवळच्या कडेला ओढ जास्त, लांबच्या कडेला कमी. खंभातच्या आखाताची भरती आपल्याला ठाऊक आहे. तिथे चंद्र पाण्याला ओढतो, इथे शेजारीण ताऱ्यांना. गोल तबकडी ताणली जाते, तिला सर्पिल भुजा फुटतात. या ताणाताणीत दोघींची गती खर्च होते आणि फार जवळून गेल्या तर त्या एकमेकींच्या बंधनात सापडू शकतात.

पुढे १९७२ साली अलार आणि यूरी टूमरे या भावांनी संगणकावर अशाच भेटी घडवून दीर्घिकांच्या लांब शेपट्यांचा उलगडा केला. आमच्या मते त्या कामाची वाट दिव्यांनीच दाखवली होती.

होल्मबर्ग १९५९ ते १९७५ उप्साला वेधशाळेचे संचालक होते. सुमारे ३०० दीर्घिकांचा उजेड त्यांनी मोजला. दीर्घिकेची कड कुठे मानायची, त्या मापाला त्यांचेच नाव आहे. २००० साली ते गेले.

आपली शेजारीण देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे. भेट होईलच असे अभ्यासक आता छातीठोकपणे सांगत नाहीत. भाद्रपदात ढग नसतील तर रात्री दहानंतर पावागडच्या बाजूला जावे. बडोद्याचा उजेड मागे पडला की ईशान्येला तिचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो.