स्पेनच्या राजाचं डिप्रेशन गाण्याने खरंच बरं झालं होतं का? फारिनेल्लीची गोष्ट

स्पेनचा राजा अंथरुणातून उठायला तयार नाही. दाढी नाही, अंघोळ नाही, राज्यकारभार ठप्प. मग राणी युरोपातल्या सगळ्यात मोठ्या गायकाला बोलावून घेते. तो शेजारच्या खोलीत गातो, राजा ऐकतो आणि खडखडीत बरा होतो.

म्युझिक थेरपीचा विषय निघाला की ही गोष्ट हमखास सांगितली जाते. रील्समध्ये तर ती तीस सेकंदांत बसते.

प्रॉब्लेम एकच आहे. शेवटचं वाक्य खरं नाही. राजा बरा झाला नव्हता. पण खरं काय झालं ते पाहिलं, तर आजचा म्युझिक थेरपिस्ट पेशंटसमोर बसल्यावर कोणत्या प्रश्नांशी झगडतो, हे या जुन्या गोष्टीतून फार नीट कळतं.

आधी त्या गायकाबद्दल.

कार्लो ब्रोस्की हे त्याचं खरं नाव. जन्म 24 जानेवारी 1705, दक्षिण इटलीतल्या आंद्रिया गावात. घरात संगीत होतं, मोठा भाऊ रिकार्दो पुढे संगीतकार झाला. 1717 मध्ये वडील वारले. त्याच सुमाराला, आवाज फुटण्याआधी, कार्लोवर ती शस्त्रक्रिया झाली जी तेव्हा इटलीत शेकडो मुलांवर व्हायची. त्याचे वृषण निकामी करण्यात आले.

असं केलं की मुलाचा कंठ लहानच राहतो, पण छाती आणि फुप्फुसं मोठ्या माणसाची होतात. म्हणजे आवाज बायकी उंचीचा आणि दम पहिलवानाचा. या गायकांना कास्त्रातो म्हणत. आपल्याला इथे लगेच बालगंधर्व आठवतात, पण ही तुलना फार पुढे नेता येत नाही. बालगंधर्वांचा गळा निसर्गाचा होता. आणि कास्त्रातो रंगमंचावर बहुतेक वेळा शूर नायक व्हायचे, नायिका नव्हे. ही शस्त्रक्रिया कायद्याने बंद होती, त्यामुळे प्रत्येक घराकडे एखादी अपघाताची कथा तयार असायची. कार्लोच्या बाबतीत सांगितलं गेलं की तो घोड्यावरून पडला. त्याला कुणी विचारलं होतं का, याचं उत्तर उघड आहे.

नेपल्समध्ये निकोला पोर्पोरा या नामांकित गुरूकडे तो शिकला. 1720 मध्ये, पंधराव्या वर्षी, पहिल्यांदा लोकांसमोर गायला. त्या कार्यक्रमाची संहिता मेतास्तासिओ या तरुण कवीने लिहिली होती. दोघांची सुरुवात एकत्र झाली म्हणून ते पुढे आयुष्यभर एकमेकांना जुळा भाऊ म्हणत राहिले. कार्लोने फारिनेल्ली हे नाव घेतलं आणि पुढची चौदा वर्षं इटली, व्हिएन्ना, म्युनिक गाजवलं. 1734 मध्ये तो लंडनला गेला. तिथे हँडेलच्या कंपनीला टक्कर द्यायला उभी राहिलेली दुसरी ऑपेरा कंपनी त्याला एका सीझनचे दीड हजार गिनी द्यायची. आजच्या भाषेत सुपरस्टार.

1737 च्या उन्हाळ्यात माद्रिदहून निरोप आला.

पेशंट कोण होता?

फिलिप पाचवा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू, 1700 पासून स्पेनच्या गादीवर. त्याचा आजार वर्षानुवर्षं येत-जात होता. आपण मेलोय असं त्याला वाटायचं, कधी आपण बेडूक आहोत असं. पायाची नखं कापू द्यायचा नाही, ती इतकी वाढायची की चालणं अवघड व्हायचं. कपडे महिनोन्महिने तेच. दिवस-रात्र उलटी झालेली, मंत्र्यांच्या बैठका मध्यरात्रीनंतर. काही इतिहासकार आज याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान करताना थोडं जपूनच बोललेलं बरं, पण माणूस गंभीर आजारी होता यात शंका नाही.

आता राणी. एलिझाबेथ फार्नेसे, इटलीतल्या पार्माची. हुशार आणि सत्तेची जाण असलेली. 1724 मध्ये फिलिपने अचानक गादी सोडून मुलाला, लुईला, राजा केलं होतं. तो मुलगा त्याच वर्षी देवीच्या साथीत गेला, म्हणून फिलिप परत आला. पण ते सात महिने राणी विसरली नव्हती. पुन्हा गादी सुटली असती, तर ती फर्नांडोकडे जाणार होती. फर्नांडो तिचा सावत्र मुलगा.

म्हणजे राजा उठून बसावा यात राणीची माया होती आणि स्वार्थही होता. थेरपीत हा प्रश्न रोजचा आहे. पेशंटला घेऊन येणारा एक असतो आणि उपचार घेणारा दुसरा. मुलाला थेरपीला आणणाऱ्या आईवडिलांना तो वर्गात शांत बसायला हवा असतो. मुलाला काय हवंय हे वेगळंच असू शकतं. ध्येय कुणाचं धरायचं?

शेजारच्या खोलीतलं गाणं

फारिनेल्ली ऑगस्ट 1737 मध्ये ला ग्रान्हाच्या राजवाड्यात पोहोचला. पुढची हकीकत इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी यांनी नंतर लिहून ठेवली. राणीने राजाच्या शेजारच्या दालनात मैफल ठेवली. राजाला आधी काही सांगितलं नाही. दोन गाणी झाल्यावर राजाने गायकाला आत बोलावलं आणि काय हवं ते माग म्हणाला. फारिनेल्लीला उत्तर आधीच पढवलेलं होतं. त्याने ना पैसा मागितला ना पद. त्याने मागितलं की महाराजांनी उठावं, दाढी करून घ्यावी, कपडे बदलावेत आणि मंत्र्यांच्या बैठकीला जावं.

हकीकतीत थोडं मीठमसाला असेलही. पण ही मागणी मला फार महत्त्वाची वाटते. तो राजाला आनंदी व्हा असं म्हणाला नाही. दुःख विसरा असंही नाही. त्याने अशी गोष्ट मागितली जी झाली की नाही हे दाराबाहेरचा पहारेकरीसुद्धा सांगू शकेल.

आज म्युझिक थेरपिस्ट उपचाराचा आराखडा करतो तेव्हा हेच करायचा प्रयत्न असतो. स्ट्रोकनंतर बोलणं गेलेल्या माणसासाठी बोलणं सुधारणे हे ध्येय पुरत नाही. पाणी मागायचे दोन शब्द आधी सुरावर आणि मग सुराशिवाय म्हणता येणे, हे चालतं. डिप्रेशनमध्ये मन रमणे मोजता येत नाही, पण आठवड्यातून तीन दिवस सकाळी उठून आवरणे मोजता येतं.

आणि त्या आराखड्याच्या आधी येते तपासणी. पहिल्या भेटीत थेरपिस्ट वाद्य काढतोच असं नाही. पेशंटला ऐकू कसं येतं, औषधं कोणती चालू आहेत, कोणतं संगीत त्याचं आहे, कोणतं ऐकून त्रास होतो, हे आधी पाहिलं जातं. अमुक रागाने बीपी उतरतं, तमुक रागाने झोप लागते असे तक्ते आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतात ना? थेरपिस्ट त्याच्या बरोबर उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी माणूस, मग गाणं. ज्या वडिलांच्या अंत्यविधीला एखादं भजन झालं, त्यांच्या मुलीला तेच भजन शांत करेल असं कोणता तक्ता सांगणार?

राणीने ही तपासणी एका अर्थाने केली होती. आपल्या नवऱ्याला कोणती भाषा, कोणता सूर पोहोचतो याचा तिला अंदाज असणार. पण पुढे नेमकं काय गायलं गेलं, इथे गडबड आहे.

नोंद कुणाचीच जुळत नाही

बर्नी सांगतात की फारिनेल्ली रोज रात्री तीच चार गाणी गायचा. त्यावरून वर्षं गुणिले रात्री गुणिले चार असले हिशेबही लोकांनी केले. इंग्रजांचा माद्रिदमधला वकील बेंजामिन कीन याने 1738 मध्ये कळवलं की गाणी पाच आहेत आणि वर्ष होत आलं तरी तीच चालली आहेत. आणि स्वतः फारिनेल्लीने त्याच वर्षी बोलोन्यातल्या आपल्या आश्रयदात्याला लिहिलेल्या पत्रात आकडा आठ-नऊ गाण्यांचा आहे.

एकाच उपचाराचे तीन आकडे! आज प्रत्येक सेशननंतर थेरपिस्टला लिहावं लागतं, काय वाजवलं, पेशंटने काय केलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. कंटाळवाणं काम आहे. पण ते नसलं की पावणेतीनशे वर्षांनी रीलवाले म्हणतात राजा बरा झाला, आणि खोडून काढायला कागद सापडत नाही.

कीनच्या पत्रात मात्र एक जागा आहे जिथे मी थांबलो. तो लिहितो की राजा फारिनेल्लीची नक्कल करतो, एकामागून एक गाणी म्हणतो, कधी मैफल संपल्यावरही, आणि त्याचं रूपांतर अशा आरडाओरड्यात होतं की ते कुणाच्या कानी पडू नये म्हणून दरबार धडपडतो.

राजवाड्याने याला लाज मानलं आणि दारं लावली.

थेरपिस्टसाठी ही कदाचित सगळ्यात अवघड घडी. याचे दोन अर्थ निघतात. एक, पेशंट उत्तेजित होतोय, आजार दुसऱ्या टोकाला झुकतोय, रोजचा डोस त्याला झेपत नाहीये. तसं असेल तर गाणं कमी करायचं, वेळ बदलायची, डॉक्टरांना कळवायचं. संगीताचा कधी अपाय होत नाही हा गैरसमज आहे. पण दुसरा अर्थ असा की इतके दिवस फक्त ऐकणारा माणूस पहिल्यांदा स्वतः आवाज काढतोय. 1959 पासून इंग्लंडमध्ये पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स या जोडीने विशेष मुलांसोबत जे काम केलं, त्याचा पाया हाच होता. मूल किंचाळलं तर नॉर्डॉफ त्याला गप्प करायचे नाहीत. पियानोवर त्याच सुरात उत्तर द्यायचे, आणि त्या किंचाळण्याचं हळूहळू गाणं व्हायचं.

फिलिपच्या बाबतीत कोणता अर्थ बरोबर होता? ते ठरवायला शेजारी बसून रात्रीमागून रात्री पाहायला हवं होतं. पाहणारा एकच होता, फारिनेल्ली. आणि त्याचं काम गाण्याचं होतं, निर्णय घेण्याचं नव्हतं.

गाणाऱ्याचं काय?

स्पेनला आला तेव्हा तो 32 वर्षांचा होता. राजाची चाकरी पत्करल्यावर तो पुन्हा कधीच जाहीर रंगमंचावर गायला नाही. लंडन सुटलं ते सुटलंच. रोज रात्री उशिरा राजाचा दिवस सुरू व्हायचा आणि याला हजर राहावं लागायचं. त्या 1738 च्या पत्रात विसावा नसल्याची तक्रार आहे, आणि आपली तब्येत टिकावी अशी प्रार्थनाही. आज थेरपिस्टला वरिष्ठांशी केसवर बोलायची सोय असते, सेशनला वेळेची मर्यादा असते, उपचार कधी थांबवायचा हे आराखड्यात लिहिलेलं असतं. फारिनेल्लीच्या आराखड्यात शेवट नव्हता. तो 9 जुलै 1746 ला आला, फिलिपच्या मृत्यूने.

नऊ वर्षांत राजाचा आजार गेला नाही. पण राजाने दुसऱ्यांदा गादी सोडली नाही, हेही खरं. याचं श्रेय गाण्याला किती आणि राणीच्या चिकाटीला किती, हे वेगळं काढता येत नाही.

पुढचा काळ फारिनेल्लीसाठी सुखाचा. सावत्र मुलगा फर्नांडो राजा झाला आणि त्याची राणी बार्बरा संगीतवेडी निघाली. दोमेनिको स्कार्लात्ती तिचे संगीतशिक्षक. (ही बार्बरा पोर्तुगालच्या पाचव्या जॉनची मुलगी. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली ती याच जॉनच्या राज्यातून.) फारिनेल्ली आता दरबारी ऑपेराचा प्रमुख झाला, अरान्हुएझला ताहो नदीवर सजवलेल्या होड्यांमधून मैफली करू लागला. 1750 मध्ये त्याला कालात्रावा हा सरदारकीचा मान मिळाला. इथे संगीत औषध नव्हतं, निखळ हौस होती.

1758 मध्ये बार्बरा गेली. आपली वाद्यं आणि संगीताची हस्तलिखितं तिने मृत्युपत्रात फारिनेल्लीला दिली. तिच्यामागे फर्नांडो कोसळला, अगदी वडिलांसारखा. वेगळ्या राजवाड्यात स्वतःला कोंडून घेतलं, खाणं सोडलं, आणि वर्षभरात संपला. संगीतावर जीव असलेला राजा, दिमतीला युरोपातलं उत्तम संगीत आणि घरात वीस वर्षांचा अनुभव. तरीही. वडिलांची ती गोष्ट सांगणारे मुलाची ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

नवा राजा तिसरा कार्लोस याने फारिनेल्लीला पेन्शन चालू ठेवून निरोप दिला. तो बोलोन्याजवळच्या आपल्या घरी राहिला. तिथे 1770 मध्ये बर्नी त्याला भेटले, त्याच वर्षी चौदा वर्षांचा मोझार्टही. वाद्यं तो वाजवायचा. एप्रिल 1782 मध्ये जुळा भाऊ मेतास्तासिओ व्हिएन्नात वारला आणि 16 सप्टेंबरला फारिनेल्ली.

2006 मध्ये संशोधकांनी बोलोन्यातली त्याची कबर उघडली. हाडांची अवस्था वाईट होती, पण त्यांवरून एवढं कळलं की माणूस चांगला उंच होता, आणि कपाळाच्या हाडाची आतली बाजू जाड झालेली होती. पुरुषांमध्ये हे क्वचितच दिसतं. लहानपणी झालेल्या त्या शस्त्रक्रियेशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला.