हॉफमन म्हणाले दोष वंशात आहे, डू बॉइस यांनी वॉर्डांचे आकडे पुढे ठेवले

१८८१ साली अमेरिकेतल्या प्रुडेन्शियल विमा कंपनीने एक नियम केला. कृष्णवर्णीयांनी हप्ता गोऱ्यांएवढाच भरायचा, पण माणूस गेल्यावर घरच्यांना मिळणारी रक्कम एक तृतीयांश कमी. कारण काय, तर कृष्णवर्णीय लवकर मरतात.

१८९६ मध्ये याच कंपनीचे आकडेतज्ज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. परिस्थिती गौण, दोष वंशातच आहे आणि हे लोक हळूहळू संपणार, असा त्यांचा दावा होता.

त्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस फिलाडेल्फियात आले. वय २८. हार्वर्डमधून पीएचडी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करायला बोलावलं होतं. वर्गात शिकवायला मात्र दिलं नाही. नुकतंच लग्न झालेलं. पत्नी निना यांच्यासोबत ते त्याच वस्तीत एका खोलीत राहिले आणि प्रश्नावली घेऊन घरोघरी फिरले.

२,४४१ कुटुंबांपैकी न्हाणीघर आणि संडासाची सोय होती फक्त ३३४ कुटुंबांना. चांगल्या नोकऱ्या कृष्णवर्णीयांना मिळत नव्हत्या. दुसऱ्या वस्तीत कुणी घर देत नव्हतं, त्यामुळे आहे त्याच कोंदट खोल्यांना जास्त भाडं मोजावं लागायचं. क्षय, न्यूमोनिया आणि बालमृत्यू तिथेच वाढत होते. (तरुण डू बॉइस आपल्याच लोकांच्या अस्वच्छतेवरही बरंच कडक बोलले आहेत. आज वाचताना ते खटकतं.)

पण खरी मेख पुढे आहे. शहरातल्या १८८४ ते १८९० च्या मृत्यूंच्या नोंदी त्यांनी वॉर्डनिहाय लावल्या. पाचव्या वॉर्डातल्या गलिच्छ वस्तीत कृष्णवर्णीयांचा मृत्यूदर हजारी ४८ च्या आसपास होता. चांगली घरं, स्वच्छ रस्ते असलेल्या तिसाव्या वॉर्डात तो साधारण २२ होता. शहर एक, वंश एक, तरी मरणाचं प्रमाण दुप्पट. दोष रक्तात असता तर वॉर्ड बदलून आकडा बदलला कसा असता?

हे संशोधन १८९९ मध्ये पुस्तकरूपात आलं. तोवर डू बॉइस अटलांटात प्राध्यापक झाले होते. वर्णभेद तिथे फिलाडेल्फियापेक्षा कितीतरी उघड होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या दीड वर्षाच्या मुलाला, बर्गहार्टला, घटसर्प झाला. या रोगावरचं सीरम तोवर निघालं होतं. पण चरित्रकार सांगतात की गोऱ्या डॉक्टरांकडून मदतीची आशा नव्हती, आणि शहरात बोटांवर मोजण्याएवढे असलेले कृष्णवर्णीय डॉक्टर वेळेत मिळाले नाहीत. बाळ गेलं. अंत्ययात्रेकडे बघून रस्त्यावरचे गोरे लोक वर्णावरून शिवी देत पुढे निघून गेले. त्या मातीत मुलाला पुरायला आईवडिलांचं मन धजलं नाही, त्यांनी त्याला उत्तरेला ग्रेट बॅरिंग्टनला नेलं. निना त्यातून कधीच सावरल्या नाहीत.

डू बॉइस यांनी यावर पुढे १९०३ च्या पुस्तकात लिहिलं. आकड्यांचं कामही सोडलं नाही. १९०६ मध्ये अटलांटा विद्यापीठातून त्यांनी फक्त आरोग्यावरचा अहवाल काढला. निष्कर्ष तोच: जास्त मृत्यूंचं कारण वंश नाही, राहणीमान आहे आणि ते सुधारता येतं. तीन वर्षांनी एनएएसीपी ही संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते.

१९४६ मध्ये त्यांना मुंबईहून एक पत्र आलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांकडे गेल्याचं वाचून त्या अर्जाची प्रत पाठवा, असं पत्रलेखकाने कळवलं होतं. भारतातल्या अस्पृश्यांसाठीही तसंच काही करण्याचा विचार चालू होता. पत्राखाली सही होती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. डू बॉइस यांनी महिन्याभरात उत्तर दिलं. आपण तुमच्या नावाशी आणि कामाशी परिचित आहोत, असंही कळवलं.