एला फ्लॅग यंग

एला फ्लॅग यंग (जन्म : १५ जानेवारी १८४५, बफेलो, न्यू यॉर्क, मृत्यू : २६ ऑक्टोबर १९१८, वॉशिंग्टन डी.सी.) या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ व शिक्षण-प्रशासक होत्या. १९०९ ते १९१५ या काळात त्यांनी शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळांचे अधीक्षकपद सांभाळले. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहराच्या शाळांचा कारभार स्त्रीकडे सोपवला जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. १९१० साली राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या (नॅशनल एज्युकेशन असोसिएशन) अध्यक्षपदी निवडून आलेल्याही त्या पहिल्याच स्त्री होत. हजारो शिक्षक असलेल्या शालेय यंत्रणेत निर्णय कोणी घ्यावेत आणि वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला त्यात कितपत स्थान असावे, हा प्रश्न त्यांच्या जीवनकार्याच्या केंद्रस्थानी होता.

== पूर्वायुष्य ==

वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर होते. प्रकृती नाजूक असल्याने एला यांचे सुरुवातीचे शिक्षण बरेचसे घरीच झाले. १८५८ मध्ये हे कुटुंब शिकागोला आले. १८६० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, एला अध्यापक विद्यालयात दाखल झाल्या. लहान मुलांत फारशी न वावरलेली ही मुलगी शिक्षिका म्हणून टिकेल का, अशी शंका आईला होती. तेव्हा एला यांनी एका शाळेच्या वर्गात जाऊन आधी स्वतःला अजमावून पाहिले आणि मगच निर्णय पक्का केला. १८६२ मध्ये त्या शिक्षिका झाल्या व तीनच वर्षांत शिकाऊ शिक्षकांच्या सराव-शाळेची जबाबदारी त्यांच्यावर आली. १८६८ साली विल्यम यंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला; काही वर्षांतच पतीचे निधन झाले. त्यानंतरचे त्यांचे सारे आयुष्य शाळेभोवतीच फिरले. मुख्याध्यापिका म्हणून दोन शाळा सांभाळल्यावर १८८७ मध्ये त्या साहाय्यक अधीक्षक झाल्या.

== राजीनामा आणि प्रबंध ==

शिकागोच्या शाळांचा कारभार त्या काळी २१ सदस्यांच्या शिक्षण मंडळाकडे होता. मतदार हे सदस्य निवडत नसत; महापौर त्यांची नेमणूक करीत. इमारतींची कंत्राटे, जमिनी, पाठ्यपुस्तके, नेमणुका, सर्व काही मंडळाच्या समित्यांतून जाई, आणि अधीक्षकाची निवडही मंडळ दरवर्षी नव्याने करी. त्यामुळे राजकीय वशिल्याला मोकळे रान मिळे. १८९९ मध्ये शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या आयोगाने यावर उपाय सुचवला : मंडळ लहान करावे आणि अधिकार एकट्या अधीक्षकाच्या हाती एकवटावेत. वशिलेबाजीला कंटाळलेल्यांना तो पटण्यासारखा होता. शिक्षिकांनी मात्र त्याला कडाडून विरोध केला. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी शिकागो शिक्षक महासंघ स्थापन केला होता. मार्गारेट हेली व कॅथरीन गॉगिन या त्याच्या प्रमुख नेत्या होत.

त्याच वर्षी यंग यांनी पदाचा राजीनामा दिला. तत्कालीन अधीक्षक बेंजामिन अँड्र्यूज यांची एकतंत्री कार्यपद्धती त्यांना मान्य नव्हती. नोकरी सोडली तेव्हा त्यांची ३७ वर्षांची सेवा झाली होती. विश्रांती न घेता त्या शिकागो विद्यापीठात गेल्या. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई तेथे होते आणि त्यांच्या वर्गांना यंग आधीपासूनच हजर राहत असत. (याच ड्यूईंचे विद्यार्थी म्हणून पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले.) ड्यूई त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान होते. या नात्यात शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण हे ठरवणे अवघड आहे, कारण आपल्या शिक्षणविषयक कल्पनांना प्रत्यक्ष शाळेचा आधार यंग यांच्यामुळे मिळाला, हे ड्यूईंनी मोकळेपणाने मान्य केले आहे.

१९०० मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, यंग यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय शाळेतील अलगपणा हा होता. मोठ्या शहरांच्या शाळा कारखान्याच्या धर्तीवर चालतात, असे निरीक्षण त्यांनी मांडले. वरचा विचार करतो, मधला आज्ञा पोहोचवतो आणि शिक्षक ती पाळतो. अशा व्यवस्थेत शिक्षकाची विचारशक्ती झिजते आणि स्वतः विचार न करणारा शिक्षक मुलांना विचार करायला शिकवू शकत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. त्यावर त्यांनी शिक्षक-परिषदांचा उपाय सुचवला. प्रत्येक शाळेत शिक्षकांनी एकत्र बसून चर्चा करावी, त्यांच्या प्रतिनिधींनी ती मते वरपर्यंत न्यावीत आणि अधीक्षकाने ती ऐकूनच अंतिम निर्णय घ्यावा, अशी ती योजना होती. अंतिम जबाबदारी अधीक्षकाची, हे त्यांना मान्य होते. परिषदांचा हेतू ती जबाबदारी वाटून टाकण्याचा नव्हता. टीकाकारांनी पुष्कळदा तसा समज करून घेतला.

ड्यूईंच्या पाठोपाठ १९०४ मध्ये यंग यांनीही विद्यापीठ सोडले. पुढील वर्षी त्या शिकागोच्या अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या.

== अधीक्षकपद ==

जुलै १९०९ मध्ये शिक्षण मंडळाने त्यांची अधीक्षकपदी निवड केली. वेतन वार्षिक १०,००० डॉलर होते. सुमारे ६,००० शिक्षक आणि ३ लाखांच्या आसपास विद्यार्थी त्यांच्या अखत्यारीत आले. आधीचे अधीक्षक एडविन कूली यांच्या काळात शिक्षकांना गुप्तपणे गुण दिले जात. आपल्याला किती गुण मिळाले हे ज्याचे त्यालाही कळत नसे. यंग यांनी ही पद्धत बंद केली. शिक्षक-परिषदा सुरू झाल्या, तसेच हस्तकाम, गृहशास्त्र व व्यावसायिक शिक्षणाचा विस्तार झाला. १९१३ मध्ये माध्यमिक शाळांत डॉक्टरांकरवी लैंगिक आरोग्यावर व्याख्याने देण्याचा प्रयोग झाला, पण विरोधामुळे तो लवकरच गुंडाळावा लागला.

राष्ट्रीय शिक्षण संघटनेचे अध्यक्षपद त्यांना सहज मिळाले नाही. १९१० च्या बॉस्टन अधिवेशनात नामनिर्देशन समितीने दुसऱ्या उमेदवाराचे नाव सुचवले होते. तेव्हा शिक्षिकांनी सभागृहातूनच यंग यांचे नाव पुढे केले आणि मतदानात त्यांना निवडून आणले.

== १९१३ चा पेच ==

मंडळातील एका गटाशी त्यांचे पाठ्यपुस्तकांची निवड, खर्च आणि अधिकारांची मर्यादा यांवरून खटके उडत होते. १९१३ च्या उन्हाळ्यात त्यांनी राजीनामा दिला व आग्रहानंतर मागे घेतला. डिसेंबरच्या वार्षिक निवडीत गुप्त मतदानात त्यांना पुरेशी मते मिळाली नाहीत. त्यांनी नाव मागे घेतले आणि त्यांचे साहाय्यक जॉन शूप यांची निवड झाली. शहरभर गदारोळ उठला. स्त्रियांच्या संघटनांनी मोठी निषेध सभा घेतली. इलिनॉय राज्यात त्याच वर्षी स्त्रियांना नगरपालिका निवडणुकीत मताधिकार मिळाला होता, ही गोष्ट महापौर कार्टर हॅरिसन यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. काही सदस्यांचे सही केलेले राजीनामे त्यांच्याकडे आधीपासूनच होते. ते त्यांनी मंजूर करून नवे सदस्य नेमले. दोन आठवड्यांच्या आत, २३ डिसेंबरला, यंग पुन्हा अधीक्षक झाल्या. ज्या राजकीय हस्तक्षेपाविरुद्ध त्या वर्षानुवर्षे झगडल्या, त्यानेच त्यांचे पद वाचवले, ही विसंगती येथे नोंदवणे भाग आहे.

सप्टेंबर १९१५ मध्ये मंडळाने जेकब लोब यांच्या पुढाकाराने शिक्षकांना संघटनेचे सदस्य होण्यास मनाई करणारा नियम केला. वर्षअखेरीस यंग निवृत्त झाल्या. पुढच्या वर्षी मंडळाने ६८ शिक्षकांची पुनर्नेमणूक नाकारली. त्यांत महासंघाचे सदस्य मोठ्या संख्येने होते.

== अखेर आणि नंतर ==

निवृत्तीनंतर त्या कॅलिफोर्नियात राहिल्या. पहिल्या महायुद्धात सरकारी युद्धकर्जरोख्यांच्या प्रचारासाठी त्यांनी प्रवास केला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्या आजारी पडल्या व वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

१९१७ च्या ओटिस कायद्याने मंडळाची सदस्यसंख्या ११ वर आणली, अधीक्षकाला चार वर्षांची मुदत दिली आणि तीन वर्षांच्या परिवीक्षेनंतर शिक्षकांच्या नोकरीला संरक्षण दिले. शिक्षक-परिषदा मात्र फार टिकल्या नाहीत. १९२४ मध्ये अधीक्षक झालेल्या विल्यम मॅकअँड्र्यू यांनी शाळेच्या वेळेत होणाऱ्या त्यांच्या बैठका बंद केल्या.