गुस्ताव्हस अडॉल्फस : धर्माचे निशाण आणि कार्डिनलचा पैसा

एखाद्या देशाचे सैन्य दुसऱ्या देशात शिरते, तेव्हा आपल्या धर्मबांधवांच्या रक्षणासाठी आलो, असे बहुधा सांगितले जाते. ते खरे किती आणि त्यामागे सत्तेची चढाओढ किती, हा प्रश्न जुनाच आहे. स्वीडनचा राजा गुस्ताव्हस अडॉल्फस याचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. प्रोटेस्टंट जगात त्याला धर्मरक्षक म्हणून मान आहे. पण त्याच्या मोहिमेला पैसा कोणी पुरवला हे पाहिले की चित्र बरेच बदलते.

गुस्ताव्हसचा जन्म 1594 साली स्टॉकहोमला झाला. त्याचे आजोबा गुस्ताव्ह व्हासा यांनी स्वीडन स्वतंत्र केला आणि तिथे मार्टिन लूथरचा प्रोटेस्टंट पंथ आणला. पुढे गादी आजोबांचा नातू सिगिसमंड याच्याकडे गेली. हा कॅथलिक होता आणि पोलंडचाही राजा होता. स्वीडिश लोकांनी 1599 मध्ये त्याला पदच्युत केले. नंतर त्याचा काका, म्हणजे गुस्ताव्हसचा बाप, कार्ल नववा या नावाने राजा झाला. सिगिसमंडने गादीवरचा हक्क कधीच सोडला नाही. त्यामुळे या घरात धर्म आणि भाऊबंदकी यांची गाठ आधीच बसलेली होती. कॅथलिक पक्ष जिंकला तर आपली गादी जाणार, हे गुस्ताव्हस लहानपणापासून जाणून होता.

1611 साली बाप वारला तेव्हा त्याला सतरावे वर्ष चालू होते. वारशात राज्याबरोबर डेन्मार्क, रशिया आणि पोलंड यांच्याशी चाललेली तीन युद्धेही आली. यातला डेन्मार्क स्वीडनसारखाच लुथरन, पण एकच पंथ असल्याने काही सवलत मिळाली नाही. 1613 च्या तहात एल्व्सबोर्गचा किल्ला सोडवण्यासाठी डेन्मार्कने दहा लाख रिक्सडालर मागितले. ही खंडणी फेडायला साऱ्या देशावर कर बसला. रशियाशी 1617 मध्ये तह झाला आणि रशियाचा बाल्टिक समुद्राशी संबंध तुटला. पोलंडकडून त्याने 1621 मध्ये रीगा बंदर घेतले.

लढाया चालू असतानाच त्याने राज्याची घडीही बसवली. चॅन्सेलर आक्सेल ऑक्सेनस्टियेर्ना याच्या मदतीने कारभार लावून दिला, गॉथेनबर्ग शहर वसवले आणि उप्साला विद्यापीठाला जमिनी दिल्या. सैन्यात हलक्या तोफा आणि कडक कवायत आणली.

इकडे जर्मनीत 1618 पासून युद्ध पेटले होते. त्यालाच पुढे तीस वर्षांचे युद्ध म्हणू लागले. हाब्सबुर्ग घराण्याचा कॅथलिक सम्राट दुसरा फर्डिनंड जिंकत चालला होता. 1629 मध्ये त्याने हुकूम काढला, की 1552 नंतर प्रोटेस्टंटांच्या हाती गेलेल्या चर्चच्या मालमत्ता परत कराव्यात. त्याचा सेनापती वालेनस्टाइन बाल्टिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचला आणि तिथे आरमार उभारण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. स्वीडनला एकाच वेळी दोन भये वाटू लागली : जर्मनीत आपला पंथ संपेल, आणि समुद्रापलीकडे बलाढ्य शत्रू येऊन बसेल.

त्यासाठी आधी पोलंडशी युद्ध थांबवणे भाग होते. 1629 साली आल्टमार्क येथे तो तह झाला. मध्यस्थीत फ्रान्सचा वकील होता, तसाच इंग्लंडचा सर टॉमस रो. जहांगीरच्या दरबारी व्यापाराची परवानगी मागायला 1615 साली सुरतेला उतरलेला रो तो हाच.

मे 1630 मध्ये राजाने सभेत आपली साडेतीन वर्षांची मुलगी क्रिस्टिना हिला प्रतिनिधींच्या स्वाधीन केले आणि निरोप घेतला. जुलैमध्ये सुमारे 13,000 सैन्यानिशी तो जर्मनीच्या किनाऱ्यावर उतरला. उतरताच त्याने गुडघे टेकून प्रार्थना केली, असे सांगतात. त्याची श्रद्धा खोटी नव्हती. छावणीत रोज प्रार्थना होत असे.

पण ज्यांच्या रक्षणासाठी तो आला, ते जर्मन प्रोटेस्टंट राजे काही स्वागताला धावले नाहीत. आज मदतीला आलेला उद्या मालक होईल, ही त्यांची धास्ती. ब्रांडेनबुर्गचा राजा त्याचा सख्खा मेहुणा. तोही बर्लिनसमोर स्वीडिश तोफा आल्यावरच वळला.

जानेवारी 1631 मध्ये बेरवाल्डे येथे गुस्ताव्हसचा करार झाला तो कॅथलिक फ्रान्सशी. फ्रान्सची सूत्रे कार्डिनल रिशेल्यू या धर्मगुरूच्या हाती होती. याच रिशेल्यूने 1628 मध्ये स्वतःच्या देशातल्या प्रोटेस्टंटांचे ला रोशेल शहर वेढा घालून, उपासमारीने शरण आणले होते. आता तोच परदेशी प्रोटेस्टंट राजाला पाच वर्षे दरसाल 4,00,000 रिक्सडालर द्यायला तयार झाला. कारण हाब्सबुर्ग घराण्याने फ्रान्सला दोन्ही बाजूंनी घेरले होते. कर्जमंजुरीच्या पत्रात असाव्यात तशा अटी करारात होत्या : स्वीडनने 30,000 पायदळ व 6,000 घोडदळ ठेवावे, आणि जिथे कॅथलिक उपासना चालू असेल तिथे ती बंद करू नये.

त्याच वर्षी मे महिन्यात माग्डेबुर्ग शहराचा घास गेला. स्वीडनच्या बाजूने उभे राहिलेले हे मोठे प्रोटेस्टंट शहर. राजाची फौज वेळेवर पोचू शकली नाही. सम्राटाच्या सैन्याने शहर फोडले, जाळले. सुमारे 20,000 माणसे मेली. बाहेरच्या मदतीच्या भरवशावर उभे राहणाऱ्यांना कधी कधी अशी किंमत मोजावी लागते.

सप्टेंबरमध्ये ब्राइटनफेल्डच्या लढाईत गुस्ताव्हसने सम्राटाचे सैन्य मोडले. पुढच्या मे महिन्यात तो कॅथलिक बव्हेरियाच्या म्युनिकमध्ये शिरला. बव्हेरियाशी फ्रान्सला सख्य हवे होते. त्यामुळे आपण पोसलेला राजा आपल्याच हाताबाहेर चालला, अशी चिंता आता रिशेल्यूला लागली.

16 नोव्हेंबर 1632 रोजी लुट्झेनला धुक्यात लढाई झाली. जुन्या गोळीच्या जखमेमुळे गुस्ताव्हसला लोखंडी चिलखत सोसत नसे, म्हणून अंगात नुसता कातडी कोट होता. दृष्टीही अधू. धुक्यात तो आपल्या लोकांपासून तुटला आणि मारला गेला. वय 37. लढाई स्वीडनने जिंकली. तो कोट शत्रूने व्हिएन्नाला नेला. 1920 मध्ये ऑस्ट्रियाने तो परत केला आणि आज तो स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे.

राजा गेला तरी युद्ध आणखी 16 वर्षे चालले. 1635 पासून फ्रान्स उघडपणे उतरला. शेवटच्या टप्प्यात कॅथलिक फ्रान्स आणि लुथरन स्वीडन एका बाजूला होते. मध्येच स्वीडनने लुथरन डेन्मार्कवरही हल्ला केला. 1648 च्या तहात स्वीडनला बाल्टिकच्या किनाऱ्याचा मुलूख आणि पन्नास लाख टालर मिळाले. जर्मन प्रोटेस्टंटांनाही संरक्षण मिळाले, हे नोंदवलेच पाहिजे. राजाने आरंभलेले काम अगदीच वाया गेले नाही.

किंमत मात्र कोणी दिली? उत्तर स्वीडनमधल्या बिग्देओ नावाच्या एका छोट्या परगण्याची नोंद इतिहासकारांनी तपासली आहे. 1621 ते 1639 या काळात तिथून 230 तरुण सैन्यात गेले. त्यांपैकी 215 मेले. आणखी पाच जण घरी परतले ते अपंग होऊन. गावात नांगर धरायला बायका आणि म्हातारेच उरले असतील.

आणि ज्या क्रिस्टिनाला राजा देशाच्या स्वाधीन करून गेला होता, तिने 1654 मध्ये राज्य सोडले आणि कॅथलिक पंथ स्वीकारला. रोममध्ये सेंट पीटरच्या चर्चमध्ये तिचे दफन झाले. बाप ज्या पंथासाठी लढता लढता गेला, तो मुलीने स्वखुशीने सोडला.

जुन्या पंचांगाप्रमाणे राजाच्या मृत्यूची तारीख 6 नोव्हेंबर येते. त्या दिवशी स्वीडनमध्ये आजही त्याचा मुखवटा लावलेले छोटे केक खातात. गुस्ताव्हस ढोंगी नव्हता, तो शूर आणि श्रद्धाळू होता. पण त्याच्या श्रद्धेला फौज पुरवली राजकारणाने, आणि पैसा पुरवणाऱ्याचा हिशेब वेगळाच होता. धर्माच्या नावाने कोणी परक्या भूमीवर सैन्य उतरवले, की निशाणाबरोबर खर्चाचे खातेही पाहावे, आणि त्या खात्यात बिग्देओच्या 215 मुलांची नावे कुठल्या बाजूला पडतात तेही पाहावे.