विश्लेषण : जीप भारतात आणणारे के. सी. महिंद्रा कोण होते? वऱ्हाडात कुठे ‘फोर हाय’, कुठे ‘फोर लो’?

पावसाळा लागला की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील पांदण रस्त्यांवरून बैलबंडीही निघत नाही. अशा वेळी चारही चाकांना ताकद देणाऱ्या ‘फोर बाय फोर’ गाडीची आठवण होते. मात्र या गाडीतील दुसरा दांडा कोणत्या रस्त्यावर ओढायचा आणि डिफरन्शियल लॉक कधी लावायचे, हे माहीत नसेल तर तीच गाडी चिखलात फसते किंवा डांबरी रस्त्यावर गिअरपेटी खराब करून घेते. कच्च्या रस्त्यांच्या देशाला अशीच गाडी हवी, हे सुरुवातीला ओळखणाऱ्यांपैकी एक होते कैलाशचंद्र अर्थात के. सी. महिंद्रा. त्यांचा जीवनप्रवास आणि या गाडीचे तंत्र यांचा हा आढावा.

बालपण आणि शिक्षण कसे झाले?

के. सी. महिंद्रा यांचा जन्म १८९४ मध्ये पंजाबमधील लुधियाना येथे झाला. वडील लवकर गेले. घरात नऊ भावंडे. सर्वांची जबाबदारी थोरले बंधू जगदीशचंद्र अर्थात जे. सी. यांच्यावर आली. जे. सी. यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षण घेतले आणि भावंडांच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. त्यामुळेच के. सी. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजातून पुढे केंब्रिजपर्यंत पोहोचले.

परतल्यावर ते कोलकात्याच्या मार्टिन अँड कंपनीत दाखल झाले. व्हिक्टोरिया मेमोरियलचे बांधकाम करणारी ही कंपनी सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्या नेतृत्वाखाली नावारूपाला आली होती. भारतीय माणूस मोठा अभियांत्रिकी उद्योग चालवू शकतो, याचे उदाहरण के. सी. यांना तेथे रोज समोर दिसत होते. पुढे १९३३ मध्ये त्यांनी मुखर्जींचे चरित्रही लिहिले. थोरले बंधू तोवर टाटांच्या पोलाद कंपनीत विक्रीची जबाबदारी सांभाळत होते. दुसऱ्या महायुद्धात ते देशाचे पहिले पोलाद नियंत्रक झाले.

अमेरिकेत त्यांनी काय पाहिले?

१९४२ मध्ये के. सी. यांची अमेरिकेतील भारतीय पुरवठा मिशनच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. युद्धकाळात भारताला लागणारे साहित्य मिळवणे हे या मिशनचे काम. त्याच काळात अमेरिकेचे कारखाने एक लहान, उघडी, टणक गाडी हजारोंनी बाहेर काढत होते. तिचे नाव जीप.

अमेरिकी लष्कराने १९४० मध्ये १३५ कंपन्यांकडे अशा गाडीची मागणी नोंदवली होती. बँटम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना करून दिला. पुढे मोठे काम विलिस आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेले. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. विलिसचे इंजिन घडवणारे अभियंते बार्नी रूस यांची आणि के. सी. यांची अमेरिकेत भेट झाली. युद्धात खंदक, वाळू आणि चिखल तुडवणारी ही गाडी भारताच्या कच्च्या रस्त्यांवर का चालू नये, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला तो तेव्हाच. त्या वेळी भारतातील बहुतेक गावांना पक्का रस्ता नव्हता. शहरी रस्त्यांसाठी बांधलेल्या मोटारी तेथे निरुपयोगी होत्या.

या गाडीत वेगळे काय होते?

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. जीपच्या दोन चाकांमधील अंतर साधारण सव्वा मीटर. म्हणजे गाडी पूर्ण उलटी वळवली तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे चार मीटर जास्त धावते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची रचना म्हणजे डिफरन्शियल.

या रचनेची एक खोड आहे. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक निसरड्या चिखलात गेले की त्याला फिरायला फारच कमी जोर लागतो. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच कमी जोर मिळतो. परिणामी एक चाक गरगर फिरते आणि दुसरे जागचे हलत नाही.

जीपने यावर पहिला उपाय दिला तो पुढची चाकेही जोडण्याचा. मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे होते. एकाने पुढचा आस जोडला जाई. दुसऱ्याने गती कमी करून ताकद वाढवली जाई. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘टू हाय’ म्हणजे फक्त मागची चाके, ‘फोर हाय’ म्हणजे चारही चाके नेहमीच्या गतीने आणि ‘फोर लो’ म्हणजे चारही चाके, पण गती निम्म्याहून कमी आणि चाकांवरील जोर दोन ते अडीच पट. आज अनेक गाड्यांत दोन दांड्यांऐवजी एकच दांडा किंवा गोल बटण असते. कामाची पद्धत तीच आहे.

भागीदारी का तुटली?

१९४५ मध्ये दोघा भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी मुंबईत सुरू केली. सुरुवात पोलादाच्या व्यापाराने झाली. कंपनीच्या नावात हिंदू आणि मुस्लिम भागीदार शेजारी होते, आणि देश नेमका त्याच प्रश्नावर दुभंगत होता. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९५१ मध्ये ते त्या देशाचे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे कंपनीसमोर भागीदार, भांडवल आणि नाव असे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहिले. १९४८ मध्ये नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ करण्यात आले. आद्याक्षरे तीच राहिली.

पहिल्या जीप कशा आल्या?

स्वातंत्र्याच्या वर्षीच, १९४७ मध्ये, ७५ जीपचे सुटे भाग अमेरिकेतून मुंबईत आले. १९४९ मध्ये माझगाव येथे जुळणीचे काम उभे राहिले. परदेशी भाग जोडणे हा पहिला टप्पा होता. पुढे परवाना घेऊन एकेक भाग देशातच तयार करणे हे खरे उद्दिष्ट होते. याच काळात के. सी. यांच्यावर सरकारी कामेही होती. १९४६ च्या भारतीय कोळसा क्षेत्र समितीचे ते अध्यक्ष होते.

१९५१ मध्ये जे. सी. यांचे निधन झाले. ज्या भावाने शिकवले, तो गेला. भागीदार आधीच सीमेपलीकडे गेला होता. पन्नाशी ओलांडलेल्या के. सी. यांनी कंपनी एकहाती सांभाळली. लष्कर, पोलीस, वन विभाग आणि महसूल खात्यात जीप दिसू लागली. नंतरच्या काळात वऱ्हाडातील खेडोपाडी प्रवासी वाहून नेणारी ‘काळी-पिवळी’ जीप हे त्याच गाडीचे वंशज. त्यातील अनेक गाड्या मात्र फक्त मागच्या दोन चाकांवर धावत.

महामार्गावर ‘फोर हाय’ का नको?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. असा कोरडा, पक्का रस्ता म्हणजे ‘टू हाय’ची जागा.

कारण सोपे आहे. ‘फोर हाय’मध्ये पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरण्यासाठी बांधले जातात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठा फेरा पडतो. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, त्यामुळे ताण शाफ्ट आणि गिअरपेटीत साठतो. स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते, दांडा परत निघत नाही. टायर झिजतात आणि जास्त ताणाने दाते तुटू शकतात. काही गाड्यांत पुढच्या-मागच्या आसांमध्येही डिफरन्शियल असते. त्या डांबरावर चारही चाकांनी चालू शकतात, पण मधले लॉक उघडे ठेवूनच.

काळ्या मातीत आणि खारपाणपट्ट्यात काय करावे?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. येथील बारीक कणांची भारी काळी माती पाणी शोषून फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. ती टायरच्या खाचांत भरून बसते. खाचा बुजल्या की चार चाके असली तरी पकड उरत नाही.

म्हणून चिखल सुरू होण्याआधीच, सरळ आणि कोरड्या जागी ‘फोर हाय’ लावावा. फसल्यावर लावण्यात अर्थ नाही. खोल चाकोऱ्या किंवा रेंदा असेल तर गाडी थांबवून ‘फोर लो’ घ्यावा, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या संथ गतीने जावे आणि मध्येच थांबू नये. चाके जागीच फिरू लागली तर ॲक्सिलरेटर सोडावा. गाडी जितकी फिरवावी तितकी खाली जाते आणि शेवटी पोट टेकते. पोट टेकलेल्या गाडीला कोणताही गिअर बाहेर काढत नाही. तेथे फावडे आणि ट्रॅक्टरच लागतो.

मेळघाटच्या घाटात कोणता गिअर?

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे किंवा सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाताना पक्का घाटरस्ता लागतो. तेथे ‘टू हाय’ पुरतो. रस्त्यावर माती वाहून आली असेल किंवा कच्चा फाटा धरायचा असेल तर ‘फोर हाय’ घ्यावा. दगडी चढ आणि तीव्र कच्चा उतार यासाठी ‘फोर लो’ आहे. उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेकवर पाय ठेवून चाके घसरवण्याची वेळ येत नाही. अशा वेळी क्लच दाबू नये. फोर बाय फोरमुळे गाडी पुढे जाण्यास मदत होते, ब्रेक लवकर लागत नाही, हेही लक्षात ठेवावे.

डिफरन्शियल लॉक कधी लावावे?

लॉक लावले की एका आसाची दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात. एक चाक हवेत किंवा चिखलात असले तरी दुसरे ओढते. नाल्याचा तिरकस काठ, खोल खड्डे किंवा दगडांवरून जाताना याचा खरा उपयोग होतो. वेग कमी आणि दिशा सरळ असावी. वळणावर, डांबरावर लॉक नको. निसरड्या आडव्या उतारावरही जपून. दोन्ही चाके एकदम सुटली तर गाडी बाजूला घसरते.

बटणाचे लॉक चालकाने लावायचे आणि अडचण संपताच काढायचे असते. काही गाड्यांत ते आपोआप लागते. दोन चाकांच्या गतीत पुरेसा फरक पडल्यावरच ते पकडते. त्यामुळे चाक फिरू लागताच घाबरून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला तर लॉक लागतच नाही. हलका, स्थिर दाब ठेवावा लागतो. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे पुस्तिकेत पाहून घेणे म्हणूनच गरजेचे.

आणि पूर आलेल्या रपट्यावर यातील काहीच चालत नाही. पाणी गाडीला उचलते आणि चाकांची जमिनीवरची पकड संपते. तेथे थांबणे हाच एक मार्ग.

के. सी. महिंद्रा यांचा वारसा काय?

१९५३ मध्ये शिक्षणासाठी के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टची स्थापना झाली. भावाच्या हट्टामुळे शिकता आलेल्या माणसाच्या नावाने पुढे अनेक विद्यार्थ्यांना परदेशी उच्चशिक्षणासाठी मदत मिळाली. १९६३ मध्ये के. सी. यांचे निधन झाले आणि पुत्र केशुब महिंद्रा अध्यक्ष झाले. त्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टरनिर्मितीची भागीदारी आकाराला आली.

मूळ जीपमध्ये डिफरन्शियल लॉक नव्हते. वऱ्हाडातील शेतकऱ्याला मात्र ते ट्रॅक्टरमुळे ओळखीचे झाले. नांगरताना एक चाक फिरू लागले की पायाजवळचे पेडल दाबायचे, तास सरळ ठेवायचा आणि वळण्याआधी पाय काढायचा. फोर बाय फोर गाडी नव्याने घेणाऱ्यालाही नेमके हेच शिकायचे आहे. विक्रमी महामार्गावरून उतरून पांदण रस्त्याला लागायला येथे काही मिनिटे पुरतात. त्या वळणावर थांबून दांडा बदलणे आणि परत डांबरावर येताच तो पूर्ववत करणे, एवढी सवय लागली तर गाडी टिकते आणि माणूस घरी पोहोचतो.