नंबर सांभाळणारा माणूस

घरच्या जुन्या पीसीवर मी लिनक्स सर्व्हर चालवते. मेलला पोर्ट 25, वेबला 80. मित्रांनो, या नंबरांची यादी वर्षानुवर्षं जॉन पोस्टेल सांभाळत होते. जन्म 1943, कॅलिफोर्निया. 1969 पासून, म्हणजे विद्यार्थी असतानाच, ते आरएफसींचे संपादक. ईमेलच्या एसएमटीपीचं 1982 चं आरएफसी त्यांनीच लिहिलं.

जानेवारी 1998 मध्ये त्यांच्या एका ईमेलवर आठ रूट सर्व्हर त्यांच्या बाजूला वळले. अमेरिकन सरकारने हरकत घेतल्यावर त्यांनी ते पूर्ववत केले. त्याच ऑक्टोबरात, 55 व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले.

इंटरनेट एकाच माणसाच्या शब्दावर चालावं का? माझ्या मते, नाही. पण आठ जणांनी तो शब्द ऐकला, तो जवळजवळ तीस वर्षांच्या चोख कामामुळेच!